लॉगबुकवर सही करण्याआधी

मॅडम, स. न. वि. वि.

मी कोकणातल्या एका नव्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचा सहाय्यक प्राध्यापक आहे. तिसऱ्या वर्षाच्या क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे वॉर्डात पेशंटपाशी शिकण्याच्या पाळीचा, आढावा घेऊन सुधारणा सुचवायचं काम डीन सरांनी माझ्याकडे दिलंय. मुलांकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतले, तर जवळजवळ सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली. लॉगबुकं, म्हणजे मुलाने काय काय केलं याच्या नोंदवह्या, पूर्ण आहेत, सह्या जागच्या जागी आहेत.

पण पोस्टिंग संपताना एका मुलाला मी स्वतः वॉर्डात पेशंट दिला. भातलावणीच्या दिवसांत दाखल झालेल्या पन्नाशीच्या बाई, पाच दिवसांचा ताप. त्याने तापाची कारणं धडाधड सांगितली. बाई काय काम करतात हे विचारलं नाही, डोळे नीट पाहिले नाहीत, पोटऱ्यांना हात लावला नाही. बाई म्हणाल्या, ‘थंडी वाजान ताप येता, पायात जीव नाय,’ तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या लॉगबुकात ‘तापाचा पेशंट : हिस्टरी आणि तपासणी’ यासमोर सही होती, आणि ती आमच्याच युनिटची.

विभागप्रमुख माझे शिक्षक आहेत. त्यांच्यापुढे हे कसं मांडू? शिवाय आमच्याकडे पेशंट कमी. जरा गंभीर झाला की नातेवाईक गोव्याला नाही तर कोल्हापूरला हलवतात. आढावा नेमका कशाचा घ्यायचा आणि सुरुवात कुठून करायची?

– एक सहाय्यक प्राध्यापक

डॉक्टर,

तुमचा आढावा सुरू झालेलाच आहे. त्या मुलाला पेशंट देऊन तुम्ही शेजारी उभे राहिलात, तेव्हाच तो सुरू झाला. फॉर्मच्या गठ्ठ्यातून आणि भरलेल्या लॉगबुकांतून जे कळलं नाही, ते तुम्हाला त्या एका खाटेपाशी कळलं. पुढचा सगळा आढावाही याच वाटेने न्या. विद्यार्थ्याला पेशंट तपासताना कुणीतरी जाणत्या माणसाने बघायचं, आणि बघितल्याशिवाय सही करायची नाही. एवढं एक जमलं तरी तुमची पोस्टिंग्ज बदलतील. हे जमलं नाही तर नवं वेळापत्रक, नवी पुस्तिका, नवं सादरीकरण यांतलं काहीही उपयोगी पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या फॉर्मबद्दल. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांत मांडलं. शिकणाऱ्याला आवडलं का, तो काही शिकला का, त्याच्या कामात ते उतरलं का, आणि शेवटी त्याचा कुणाला फायदा झाला का. तुमचा फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबलाय. आणि तिथलंही उत्तर खरं मिळेल याची खात्री नाही. छोट्या कॉलेजात मुलांची अक्षरं सगळ्यांना ओळखू येतात आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं तेच सर पुढे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसणार असतात. तिथे ‘उत्तम’शिवाय दुसरं कोण काय लिहील? फॉर्म बंद करा असं मी म्हणत नाही. त्यावर निष्कर्ष मात्र बांधू नका.

मुलांची मतं हवीच असतील तर इंटर्नना गाठा. त्यांचं पोस्टिंग संपलंय, आता ते रात्री वॉर्ड सांभाळतायत. त्यांना एकच प्रश्न विचारा : जे पोस्टिंगमध्ये शिकायला हवं होतं, पण इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदाच करावं लागलं, असं काय होतं? चहा घेत घेत विचारा, लिहून घ्यायची घाई करू नका. कॅथेटर, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी), मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगणं, रेफरल चिठ्ठी लिहिणं अशी उत्तरं येतील. नंतर कॅज्युअल्टीतल्या जुन्या सिस्टरना विचारा. कोणत्या बॅचचा हात कुठे थरथरतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेले तुमच्या किंवा शेजारच्या कॉलेजचे दोन-तीन एमओ (वैद्यकीय अधिकारी) फोनवर मिळाले, तर त्यांनाही हाच प्रश्न विचारा. इतक्यावर तुमच्याकडे आढाव्याचा कच्चा माल जमा होईल, आणि तो कुठल्याही पाच गुणांच्या मोजपट्टीपेक्षा खरा असेल.

आता सहीचं. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरच्या क्षमतेचे चार थर सांगितले : माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात करतो. तुमचा विद्यार्थी दुसऱ्या थरावर उभा होता आणि सही तिसऱ्या थराची होती. लेप्टोस्पायरोसिसवर, म्हणजे त्या बाईंच्या बाबतीत ज्याची शंका घ्यायला हवी होती त्या तापावर, प्रश्न आला असता तर त्याने डोळ्यांची लाली, पोटऱ्यांचं दुखणं, चिखलपाण्याशी संबंध, सगळं लिहिलं असतं. ती बाई समोर असताना यातलं काहीच त्याच्या हाताशी आलं नाही, कारण तोवर त्याला पेशंटपाशी असं करताना कुणी पाहिलंच नव्हतं.

हे तुम्हाला नव्याने आणायचंही नाही. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात हे लिहिलेलंच आहे. कोणती गोष्ट नुसती माहीत हवी, कोणती करून दाखवता यायला हवी आणि कोणती स्वतंत्रपणे किती वेळा केल्यावर प्रमाणित करायची, हे त्या यादीत प्रत्येक क्षमतेपुढे नोंदवलंय. तिथली डीओएपी ही शिकवण्याची पद्धत म्हणजे आधी शिक्षकाने दाखवायचं, मग मुलाने निरखायचं, मग मदत करायची, आणि शेवटी स्वतः करायचं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पहिल्या दोन गोष्टी होतात आणि चौथीची सही होते. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. शेवटच्या दिवशी टेबलावर वीस लॉगबुकं येतात, बाहेर ओपीडी तुंबलेली असते, इन्स्पेक्शनची कागदपत्रं अर्धवट असतात, आणि सीनिअर रेसिडेंट एका दमात सगळ्यावर सह्या करतो. नव्या कॉलेजात तर पेशंट बघणारी, शिकवणारी आणि कागद रंगवणारी माणसं तीच असतात. म्हणून उपाय असा हवा की त्यात कागद वाढू नये आणि वेळ थोडाच लागावा.

असा उपाय तयार आहे. जॉन नॉरसिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मिनी-सीईएक्स ही छोट्या निरीक्षणाची पद्धत मांडली. विद्यार्थी खऱ्या पेशंटसोबत पंधरा-वीस मिनिटं एकच काम करतो, शिक्षक बघतो आणि लगेच चार-पाच मिनिटं त्याच्याशी बोलतो. तुमच्याकडे हे बसेल का, याचा हिशेब करू. समजा बॅच २० मुलांची, पोस्टिंग चार आठवड्यांचं, कामाचे दिवस २४. प्रत्येक मुलाला दोनदा बघायचं तर ४० निरीक्षणं झाली. सीनिअर रेसिडेंटसह पाच जण असाल तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यात आठ, म्हणजे आठवड्याला दोन. दोन्ही मिळून आठवड्याला पाऊण तासाच्या आसपास काम होतं. ‘वेळ नाही’ असं कुणी म्हणालं तर हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

बघायचं कसं, यावर मात्र थोडं रेंगाळते, कारण सगळी गंमत तिथेच बिघडते. एका वेळी एकच गोष्ट बघा. आज फक्त हिस्टरी, परवा फक्त छातीची तपासणी. संपूर्ण केस बघायला बसलात तर पाऊण तास जाईल आणि तुम्ही पुन्हा बसणार नाही. बघताना गप्प राहा. मुलगा अडखळला की आपली जीभ वळवळते, पण मध्ये बोललात की तो तुमची परीक्षा द्यायला लागतो आणि पेशंट बाजूला पडतो. खुर्ची पेशंटच्या उशाशी नको, मुलाच्या नजरेआड पण ऐकू येईल अशी ठेवा.

आणि नंतर जे बोलाल ते नेमकं असू द्या. ‘छान’, ‘अजून वाचायला हवं’ यातून मुलाला उद्या वॉर्डात काय वेगळं करायचं ते कळत नाही. असं सांगा : ‘तू खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहिलंस, ते बरोबर. पण काविळीसाठी त्यांना खाली बघायला सांगून वरची पापणी उचलायला हवी होती, आणि तेही खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली हलकी कावीळ निसटते. डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, हे तेव्हाच दिसलं असतं. गुरुवारी मला दुसऱ्या पेशंटवर हे करून दाखव.’ एक बरोबर केलेली गोष्ट, एक बदलायची गोष्ट, आणि पुन्हा दाखवायचा दिवस. त्या गुरुवारी तुम्ही खरोखर हजर राहिलात की मुलं तुमच्या शब्दावर विसंबू लागतात. सही त्या दिवशी होऊ दे.

आता पेशंट कमी असण्याचा मुद्दा. मला तो अर्धाच पटतो. आधी मेडिकल रेकॉर्डमधून मागच्या वर्षाचं दाखल-रजिस्टर काढा आणि महिन्यामहिन्याने बघा, काय येतं आणि कधी येतं. आपल्याकडची पोस्टिंग्ज बाराही महिने सारखे असल्यासारखी आखलेली असतात. कोकणात तसं चालत नाही. जुलैपासून पाऊस उतरेपर्यंत लेप्टो, मलेरिया, साप चावलेले पेशंट. डिसेंबर ते मे या महिन्यांत दक्षिणेकडे माकडताप, म्हणजे रानातल्या गोचिडींमधून होणारा ताप. १९५७ मध्ये कर्नाटकात ओळखला गेलेला हा आजार २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आढळू लागला, आणि काजूच्या बागेत, रानात काम करणाऱ्याच्या तापाकडे बघायची नजर त्याने बदलली. आंब्याच्या मोसमात झाडावरून पडून पाठीचा कणा दुखावलेले. आणि गणपतीत वॉर्ड रिकामे, शिमग्यातही तेच. पेशंट सुट्टी मागून घरी जातो आणि मुलंही गावी पळतात. त्या आठवड्यांत वॉर्डात पोस्टिंग लावून बसायचं कशाला? ते दिवस स्किल लॅबला द्या. एका बॅचला पावसाळा मिळतो आणि दुसरीला मिळत नाही, ही उणीव भरून काढायला जुलै-ऑगस्टमधल्या पेशंटच्या केसेस, नाव-गाव काढून, रोजच्या नोंदी आणि रिपोर्टसह जपून ठेवा. जानेवारीच्या बॅचला त्या दिवसागणिक उलगडून द्या : पहिल्या दिवशी एवढं कळलं, आता काय कराल?

गोव्याला, कोल्हापूरला जाणारा पेशंट आधी तुमच्याच कॅज्युअल्टीत येतो, हे विसरू नका. पहिला तास तुमचा असतो. आपली मुलं पुढे जिथे नोकरी करणार तिथे त्यांच्या वाट्याला हाच पहिला तास येणार आहे. म्हणून संध्याकाळी कॅज्युअल्टीत दोन-दोन मुलांची पाळी लावा. साप चावलेला पेशंट आला की वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी मुलाला करू द्या. सगळ्यांना ती ‘येते’. पण करायला लावलं की कुणी प्लास्टिकची नळी उचलतं, कुणी धुतलेली ओली परीक्षानळी घेतं, कुणी दहाव्या मिनिटाला हलवून बघतं. कोरी, कोरडी, काचेची नळी, त्यात दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. फुरसं आणि घोणस ज्या भागात चावतात तिथे विषावरचं सीरम द्यायचं की नाही हे रात्री दोन वाजता याच नळीवरून ठरवावं लागतं. अशी चाचणी व्हायवात तोंडी विचारून समाधान मानणं मला चुकीचं वाटतं.

आणि ॲम्ब्युलन्सबरोबर जी चिठ्ठी जाते, ती मुलांकडून लिहून घ्या. कधी चावलं, आल्यावर रक्तदाब किती होता, सीरमच्या किती कुप्या किती वाजता दिल्या, लघवी झाली का, हे सगळं गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलमधल्या ड्यूटी डॉक्टरला एका नजरेत कळलं पाहिजे. मग ती चिठ्ठी तुम्ही वाचा आणि दुरुस्त करा. क्लिनिकल शिक्षणात हे कुठेच धड शिकवलं जात नाही, आणि दुरून पेशंट हलवाव्या लागणाऱ्या जिल्ह्यात त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

लहान ठिकाणी शिकायला काही नसतं असं मुलांना वाटत असेल, तर त्यांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम सांगा. १९७० च्या दशकात रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या या डॉक्टरांनी लाल विंचू चावलेल्या पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडत जाणारे हातपाय, फुप्फुसात भरणारं पाणी यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली त्यांचं निरीक्षण छापून आलं, आणि पुढे त्यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रुजवला. गंभीर विंचूदंशात ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेशंटपाशी बसून बघण्यातून किती मोठं ज्ञान उभं राहू शकतं, हे तुमच्या मुलांना घराजवळच्या उदाहरणातून कळेल.

बाईंच्या बोलण्यावर तो मुलगा गोंधळला, ही गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. शासकीय कॉलेजात १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात, शिवाय विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या मुलांनाही मालवणी कानावर पडलेली नसते. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास ठरवून दिलेत, पण ते प्रमाण मराठीच्या वाक्यांवर संपतात. ‘धाप लागता’, ‘पोटात कळ येता’, ‘जीव घाबराघुबरा होता’ असं पेशंट जसं सांगतात तसं वॉर्डातल्या मामा-मावशींकडून, सिस्टरकडून गोळा करा आणि पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी मुलांना ऐकवा. कुटुंब दत्तक योजनेत मुलं गावात जातातच. तिथे त्यांना नुसते तक्ते भरायला लावू नका, अर्धा तास घरातल्या आजीशी बोलायला लावा. आणि काम काय करता, हा प्रश्न नाव-वयाच्या लगेच पुढे विचारायची सवय लावा. कोकणात अर्धं निदान त्या उत्तरातच असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. पेशंट कमी आहेत म्हणून एकाच दुखऱ्या पोटावर बारा मुलांचे हात पडू देऊ नका. एका पेशंटला एका सकाळी दोन मुलं, त्यापुढे नाही. आधी विचारायचं, पडदा ओढायचा, झाल्यावर अंगावर पांघरूण नीट घालायचं. निरीक्षणाच्या फॉर्मात ‘परवानगी घेतली का’ हा पहिला रकाना ठेवा. मान मिळालेला पेशंट मुलांना आनंदाने शिकवतो, हे मी अनेकदा पाहिलंय. ‘बाळा, हय दाब, हय दुखता’ असं तो स्वतः सांगतो.

राहिले विभागप्रमुख. त्यांच्यापुढे त्या एका मुलाचा किस्सा घेऊन जाऊ नका. तो तक्रारीसारखा ऐकू येईल, आणि क्वार्टर्समध्ये शेजारी राहणाऱ्या माणसांत तक्रार फार दिवस टिकते. आधी तुमच्याच युनिटमधली आणखी सात-आठ मुलं बघा. नावं न लिहिता, किती जणांनी व्यवसाय विचारला, किती जणांनी डोळे नीट पाहिले, एवढंच टिपून ठेवा. मग विभागाच्या बैठकीत नव्हे, तर त्यांच्या खोलीत जाऊन म्हणा, ‘सर, आपल्या युनिटमध्ये मला असं दिसलं. पुढच्या बॅचची पहिली चार मुलं तुम्ही स्वतः बघाल का? मी शेजारी उभा राहून टिपून घेईन.’ ज्या पिढीने कानाने आणि बोटांनी निदान केलंय, त्या शिक्षकांना वॉर्डात शिकवायचं प्रेम असतं. ते फायलींखाली गाडलं गेलेलं असतं. त्यांना कागद देऊ नका, पेशंट आणि विद्यार्थी द्या. त्यांना जे खटकेल ते ते स्वतःच बैठकीत बोलतील, आणि ते तुमच्या तोंडून येण्यापेक्षा शंभर पटीने बरं. सीनिअर रेसिडेंटना मात्र तुम्हीच सांभाळा. ‘न बघता सही करायची नाही, आणि त्यामुळे एखादं लॉगबुक अपुरं राहिलं तर जबाबदारी माझी,’ एवढा आधार त्यांना तुमच्याकडून हवा आहे.

मेडिकल एज्युकेशन युनिटला, म्हणजे कॉलेजातल्या शिक्षकांना शिकवण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या गटाला, पहिल्यापासून सोबत घ्या. निरीक्षण कसं करायचं आणि फीडबॅक कसा द्यायचा यावर दुपारचं एक सत्र ते सहज घेतील. सगळ्या विषयांत एकदम सुरू करू नका. मेडिसिनच्या दोन बॅच होऊ द्या, मग सर्जरी आणि बालरोगवाल्यांना तुमच्या वॉर्डात बोलावून दाखवा.

डीन सरांना द्यायचा अहवाल दोन पानांच्या वर नको. काय पाहिलं, कोणती एक गोष्ट बदलतोय, आणि पुन्हा कोणत्या तारखेला बघणार, एवढंच लिहा. या निरीक्षणांना पहिलं वर्षभर गुण जोडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. गुण आले की मुलं सोपा पेशंट शोधतात आणि शिक्षक सगळ्यांना दहापैकी सात देऊन मोकळे होतात. इंटर्नल असेसमेंटमध्ये ती धरायची का, हे दोन बॅच झाल्यावर करिक्युलम कमिटीत ठरवा, आणि त्या बैठकीला एक इंटर्न आणि वॉर्डच्या सिस्टर इन्चार्ज यांना बोलवायला विसरू नका.